बागेचा पाइप : वजन नव्हे, पदर मोजा!

- प्रतिनिधी

मार्च उजाडला, की हार्डवेअरच्या दुकानांसमोर हिरव्या, निळ्या, पिवळ्या पाइपची वेटोळी रचलेली दिसू लागतात. बंगल्याभोवतीची चार झाडे, गच्चीवरच्या कुंड्या, सोसायटीची हिरवळ, दारची गाडी आणि अंगणातला सडा, उन्हाळ्यात या साऱ्यांची भिस्त एका पाइपवर असते. तरीही घरात सर्वांत कमी विचार करून घेतल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये या पाइपचा क्रमांक बराच वरचा लागेल. 'अर्धा इंची द्या, पन्नास फूट' एवढ्यावर खरेदी उरकते. पुढच्या मे महिन्यात तोच पाइप नळाजवळ फुगतो, मध्येच चिरतो आणि अडगळीत जाऊन पडतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरीही असाच एक पाइप आला होता. दुकानदाराने तो चक्क तराजूवर तोलून दिला. हाताला जड लागत असल्याने माल चांगला असणार, अशी वडिलांची खात्री पटली. दुसऱ्या उन्हाळ्यात एके दिवशी नळ उघडा आणि टोकाचे नोझल मात्र बंद, अशा अवस्थेत तो तळमजल्यावरच्या आमच्या छोट्याशा बागेत, तापलेल्या फरशीवर दुपारभर पडून राहिला आणि हातभर लांबीचा उभा चिरला. घरात कोणी नव्हते. इमारतीची वरची टाकी रिकामी झाली, तेव्हाच प्रकार ध्यानात आला. त्या संध्याकाळी बारा बिऱ्हाडांचे नळ कोरडे राहिले. पाइपची किंमत किरकोळ होती. शेजाऱ्यांची बोलणी मात्र महाग पडली.

पाइप आडवा न तुटता उभाच का चिरला, या साध्या प्रश्नाच्या उत्तरात टिकाऊ पाइप कसा निवडावा याचे बहुतेक सारे शास्त्र दडलेले आहे.

पाइप उभाच का चिरतो?

टाकी नळापेक्षा जितकी उंच, तितका पाण्याचा दाब अधिक. दर दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो, असा हा हिशेब आहे. चार मजली इमारतीच्या गच्चीवरील टाकीचे पाणी तळमजल्यावर येते, तेव्हा हा दाब साधारण सव्वा ते दीड किलो असतो. गच्चीवर टाकीशेजारीच बाग असेल, तर तो याच्या दशांशही नसतो. आणि प्रेशर पंप बसवलेला असेल, तर दोन-तीन किलोंपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. म्हणजे एकाच दुकानातून घेतलेला एकाच प्रकारचा पाइप गच्चीवर वर्षानुवर्षे चालेल आणि खालच्या अंगणात वर्षभरात फुटेल, असे सहज घडू शकते.

हा दाब पाइपच्या भिंतीला दोन दिशांनी ताणतो. एक ताण लांबीच्या दिशेने असतो, तर दुसरा घेराच्या दिशेने. गोल नळीत घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. त्यामुळे भिंत हरते ती घेराच्या दिशेने, आणि चीर पडते ती उभी. शिवाय व्यास वाढला, की हा ताणही त्याच प्रमाणात वाढतो. भिंतीची जाडी तेवढीच असेल, तर एक इंची पाइपच्या भिंतीवर अर्धा इंची पाइपच्या दुप्पट ताण येतो. 'मोठा पाइप म्हणजे मजबूत पाइप' हा समज म्हणूनच फसवा आहे.

त्यात उन्हाची भर पडते. बागेचे बहुतेक पाइप पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक. इमारतींवर दिसणारे सांडपाण्याचे ताठ पाइप त्याचेच असतात. त्यात विशिष्ट तेलकट द्रव्ये मिसळली, की ते लवचीक होते. अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीतील संशोधक वाल्डो सिमॉन यांनी १९२६ मध्ये ही युक्ती शोधली आणि पुढे रबराच्या नळीला स्वस्त पर्याय उपलब्ध झाला. परंतु लवचीक पीव्हीसी उष्णतेने आणखी मऊ पडते. पाइपवर लिहिलेला दाब हा साधारणपणे वीस-पंचवीस अंश तापमानाला गृहीत धरलेला असतो. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडील मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते. फरशीवर किंवा स्लॅबवर पडलेला पाइप त्याहून कितीतरी अधिक तापतो. अशा वेळी छापील आकड्यावर विसंबून चालत नाही.

पदर म्हणजे काय?

दुकानात मिळणाऱ्या साध्या पाइपला एकच पदर असतो. आतून-बाहेरून तेच पीव्हीसी. गच्चीवरील कमी दाबाच्या नळाला किंवा टाकीतले पाणी उपसून टाकायला तो पुरेसा आहे. दाबाच्या नळाला मात्र त्याचा टिकाव लागत नाही. तो आधी नळाजवळ किंचित फुगतो. फुगलेल्या जागी व्यास वाढतो आणि भिंत पातळ होते. त्यामुळे ताण वाढतो आणि तीच जागा आणखी फुगते. एकदा फुगवटा दिसू लागला, की तो पाइप फार दिवसांचा सोबती नाही, असे समजावे.

यावर उपाय म्हणजे जाळीचा पाइप. दुकानदार याला 'ब्रेडेड' म्हणतात. यात आतला पदर पाणी वाहून नेतो, मधली पॉलिएस्टर धाग्याची जाळी दाब पेलते आणि बाहेरचा पदर ऊन व घासण्यापासून रक्षण करतो. जाळीचे धागे तिरकस का असतात, हेही पाहण्यासारखे आहे. घेराचा ताण लांबीच्या ताणाच्या दुप्पट असल्याने, धागा पाइपच्या लांबीशी सुमारे ५५ अंशांचा कोन करून गुंडाळला, तर दोन्ही ताण अगदी समतोल पेलले जातात. अशा पाइपची लांबी दाबाखाली वाढतही नाही आणि घटतही नाही. अर्थात, दुकानात कोनमापक घेऊन जाण्याची गरज नाही. पण जाळीतील चौकटी एकसारख्या आहेत का, त्या दाट आहेत की विरळ, हे डोळ्यांना सहज दिसते. काही स्वस्त पाइपवर जाळीची केवळ नक्षी छापलेली असते. कापलेल्या टोकाकडे पाहिले, की खरे-खोटे कळते. धाग्यांची टोके दिसली पाहिजेत आणि पदर नखाने एकमेकांपासून सुटता कामा नयेत.

जाळी विणण्याच्याही पद्धती आहेत. धागे नुसते एकमेकांवर तिरके गुंडाळलेला पाइप स्वस्त पडतो; पण दाब आला, की तो पिळवटण्याची शक्यता अधिक. स्वेटरसारखी विणलेली जाळी असलेला पाइप कमी पिळतो आणि त्याला घड्याही कमी पडतात. किंमत अधिक असली, तरी रोज ओढाओढ होणाऱ्या बागेत हा फरक जाणवतो.

वजनाचा सापळा

पुण्याची बोहरी आळी असो वा मुंबईचा नागदेवी स्ट्रीट, पाइप फुटावर, मीटरवर आणि वजनावरही विकला जातो. वजनावरची खरेदी प्रामाणिक वाटते. पण तीच अनेकदा दगा देते. पीव्हीसीमध्ये खडूच्या भुकटीसारखा भराव मिसळण्याची पद्धत आहे. थोड्या प्रमाणात ती गैर नाही. मात्र खडू पीव्हीसीहून बराच स्वस्त आणि लवचीक पीव्हीसीच्या सुमारे दुप्पट जड असतो. त्यामुळे भराव वाढवला, की उत्पादनाचा खर्च घटतो, पाइपचे वजन वाढते आणि ताकद मात्र कमी होते. आमच्या वडिलांनी हाताने जोखलेला जडपणा बहुधा या खडूचाच होता.

हा भराव ओळखण्याच्या काही साध्या खुणा आहेत. पाइपचे टोक बोटांत धरून घट्ट दुमडावे. घडीवर ठळक पांढरी रेघ उमटली आणि सोडल्यावरही ती तशीच राहिली, तर भराव जास्त आहे. चांगला पाइप दुमडून सोडताच पूर्ववत गोल होतो. टोकातून आत पाहावे. आतला पृष्ठभाग गुळगुळीत हवा. खरखरीत असेल किंवा त्यात ठिपके दिसत असतील, तर माल जुन्या प्लॅस्टिकपासून बनवलेला असण्याची शक्यता असते. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आहे का, हेही पाहावे. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असा पाइप फुटतो तो पातळ बाजूलाच. जाड बाजूचा काही उपयोग होत नाही.

चांगल्या पाइपवर ठरावीक अंतराने उत्पादकाचे नाव, आतला व्यास आणि वापराचा दाब छापलेला असतो. वापराचा दाब आणि फुटण्याचा दाब यांत गल्लत करू नये. फुटण्याचा दाब वापराच्या दाबाच्या कित्येक पट असतो. विक्रेता मोठा आकडा सांगत असेल, तर तो यांपैकी कोणता, असे विचारावे. धाग्याची जाळी असलेल्या पाण्याच्या थर्मोप्लास्टिक पाइपसाठी आयएस १२५८५, तर पाण्याच्या रबरी पाइपसाठी आयएस ४४४ ही भारतीय मानके आहेत. मानकाचा क्रमांक छापलेला असेल, तर निवड थोडी सोपी होते.

किती इंची, किती फूट?

घरगुती बागेसाठी अर्धा इंच (सुमारे साडेबारा मिलिमीटर) आणि पाऊण इंच (सुमारे १९ मिलिमीटर) हे दोन आकार पुरेसे आहेत. दुकानात विचारताना 'आतला व्यास' असे स्पष्ट विचारावे. काही ठिकाणी बाहेरून मोजलेला आकडा सांगितला जातो.

पाणी जितके लांब न्यायचे, तितका त्याचा जोर घर्षणात खर्ची पडतो. लांबी दुप्पट झाली, की हा तोटाही दुप्पट होतो. तेवढेच पाणी पाऊण इंचीऐवजी अर्धा इंची पाइपमधून न्यायचे झाले, तर तोटा सुमारे सातपट होतो. त्यामुळे पन्नास फुटांपर्यंतच्या बागेला अर्धा इंची पाइप पुरतो. अंतर त्याहून बरेच अधिक असेल किंवा मुळात दाब कमी असेल, तर पाऊण इंची घ्यावा. मात्र ३० मीटर लांबीच्या अर्धा इंची पाइपमध्ये जवळजवळ पावणेचार लिटर पाणी मावते, तर पाऊण इंचीमध्ये साडेआठ लिटर. म्हणजे तो ओढताना पाइपच्या वजनाखेरीज साडेआठ किलो पाणीही ओढावे लागते. घरातील ज्येष्ठ मंडळी पाणी घालत असतील, तर हा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

लांबी ठरवण्यासाठी नळापासून सर्वांत दूरच्या झाडापर्यंतचे अंतर, वळणांसह, सुतळीने मोजावे आणि त्यात चार-पाच फुटांची भर घालावी. आखूड पाइप ताणला जातो आणि नळाच्या तोंडाशी फाटतो. विनाकारण लांब पाइपला घड्या पडतात.

रंग, रबर आणि इतर पर्याय

पारदर्शक पाइप दिसायला स्वच्छ दिसतो. परंतु त्यातून प्रकाश आत शिरतो आणि शेवाळ धरते. बागेसाठी अपारदर्शक पाइपच योग्य. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पीव्हीसीचे रेणू तोडतात. शिवाय लवचीकपणा देणारी द्रव्येही काळानुसार निघून जातात. म्हणून जुना पाइप पिवळट, ताठ आणि ठिसूळ होतो. काळ्या रंगातील काजळी हे किरण अडवते, त्यामुळे काळा पाइप उन्हात अधिक टिकतो. मात्र तो तापतोही अधिक. तेव्हा त्यातले पहिले गरम पाणी झाडाच्या मुळाशी न घालता बादलीत काढून गार होऊ द्यावे.

ईपीडीएम या कृत्रिम रबराचा पाइप ऊन आणि उष्णता उत्तम सोसतो. त्याला सहसा घड्या पडत नाहीत आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. किंमत आणि वजन या त्याच्या दोन अडचणी. दिवसभर उन्हात राहणाऱ्या, रोज वापरल्या जाणाऱ्या पाइपसाठी तो विचारात घ्यावा. तारेचे वेटोळे असलेला पारदर्शक पाइप पंपाने पाणी ओढण्यासाठी असतो. त्यावरून गाडीचे चाक गेले, तर तार चेपते आणि पुन्हा गोल होत नाही. पाणी सोडल्यावर लांबी तिप्पट होणारे, कापडी आवरणाचे पाइप जागा कमी व्यापतात. पण त्यांतील आतली नळी फार पातळ असते आणि ऊन, काटे किंवा सततचा दाब ती सोसू शकत नाही. फ्लॅटच्या बाल्कनीसाठी ते ठीक, अंगणासाठी नव्हेत.

गळती सुरू होते टोकाला

पाइप उत्तम असूनही पाणी वाया जाते ते बहुधा जोडावर. घरातील साध्या नळाच्या तोंडावर पाऊण इंची पाइप ओढूनताणून बसवला जातो आणि त्यावर तार किंवा सुतळी आवळली जाते. तार पाइपला कापते, सुतळी सैल होते. त्याऐवजी खाचांचे निमुळते तोंड असलेला नळ बसवून घ्यावा आणि स्टेनलेस स्टीलची, स्क्रूने आवळायची क्लिप वापरावी. पाइपचे टोक मिनिटभर गरम पाण्यात धरले, की ते नळावर सहज चढते. आट्यांची जोडणी असेल, तर ती पितळी घ्यावी; पितळी नळावर अॅल्युमिनियमची जोडणी गंजून कायमची चिकटते. आतला वॉशर काही रुपयांना मिळतो. तो दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला बदलावा.

गळती किती, हे मोजणेही सोपे आहे. जोडाखाली लिटरची बाटली ठेवावी. ती पाच मिनिटांत भरली, तर तासाला बारा लिटर पाणी जाते. रोज तासभर पाइप चालवणाऱ्या घरात महिन्याला हे ३६० लिटर होतात. पाणीकपातीच्या दिवसांत हा आकडा लहान नाही. बंगळुरूमध्ये मार्च २०२४ च्या टंचाईत बागेसाठी आणि गाड्या धुण्यासाठी पिण्याचे पाणी वापरल्यास पाच हजार रुपये दंड आकारण्याचा आदेश काढण्यात आला होता. आपल्याकडील शहरांवरही अशी वेळ कधी येणार नाही, असे कोणी म्हणू नये.

पाइपचे टोक पाण्यात बुडवू नका

आणखी एक मुद्दा आरोग्याचा आहे. ज्या भागांत पाणी ठरावीक वेळेतच येते, तेथे बागेच्याच पाइपने पिण्याच्या पाण्याचे पिंप भरले जाते. बागेचा साधा पाइप यासाठी बनवलेला नसतो. पीव्हीसी टिकावे म्हणून त्यात शिशाची संयुगे मिसळण्याची पद्धत जुनी आहे, आणि उन्हात तापलेल्या पाइपमध्ये साचलेल्या पाण्यात अशी द्रव्ये उतरू शकतात. पिण्याच्या पाण्यासाठी 'फूड ग्रेड' असे छापलेला स्वतंत्र पाइप ठेवावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नळाला जोडलेल्या पाइपचे टोक पिंपात, हौदात किंवा शेणखताच्या पाण्यात बुडवून ठेवू नये. पाणी बंद होताना जलवाहिनी रिकामी होते आणि तिच्यात शोषण निर्माण होते. बुडालेल्या टोकातून ते घाण पाणी उलट वाहिनीत ओढले जाऊ शकते आणि आपल्याबरोबर शेजाऱ्यांच्याही नळाला येऊ शकते. टोक नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर, मोकळ्या हवेत राहील असे धरावे.

अर्धे आयुष्य वापरणाऱ्याच्या हाती

पाइप कितीही चांगला असला, तरी त्याचे निम्मे आयुष्य आपल्या सवयींवर ठरते. सर्वांत महत्त्वाची सवय म्हणजे काम संपताच नोझल नव्हे, तर नळ बंद करणे आणि नंतर नोझल उघडून आतला दाब सोडून देणे. नळ उघडा राहिला, तर पाणी वाहत नसतानाही पूर्ण दाब भिंतीवर टिकून राहतो. आमचा पाइप चिरला तो यामुळेच. खडू आणि ऊन यांनी त्याला केवळ हातभार लावला.

पाइप खिळ्यावर लटकवू नये. त्याच्या वजनाने खिळ्यापाशी घडी पडते आणि पुढे तेथेच तो चिरतो. मोटारीच्या चाकाची जुनी रिम भिंतीला ठोकली, तर त्यावर दोन फूट व्यासाचे वेटोळे छान बसते. पाइप सोडताना वेटोळ्याच्या मधून टोक ओढू नये. असे ओढलेल्या प्रत्येक वेढ्यामागे पाइपला एक पूर्ण पीळ बसतो आणि पिळाचीच पुढे घडी होते. वेटोळे चाकासारखे फिरवत पाइप उलगडावा. काम झाल्यावर पाणी काढून तो सावलीत ठेवावा.

एवढे करूनही पाइप एखाद्या जागी फुटला, तर सायकलची ट्यूब गुंडाळणे ही तात्पुरती मलमपट्टी झाली. फुटका भाग सरळ कापून दोन्ही टोके जोडनळी व दोन क्लिप वापरून जोडावीत. अगदी निकामी झालेला पाइप जाळू मात्र नये. पीव्हीसीच्या धुरात घातक वायू असतात. उभा चिरून तो बादलीच्या कडीवर चढवता येतो किंवा रोपे काठीला बांधताना तारेखाली घालता येतो.

खरेदीला जाताना

- नळाशी दाब किती, याचा अंदाज घ्यावा : टाकी किती उंच, पंप आहे का?
- सर्वांत दूरच्या झाडापर्यंतचे अंतर सुतळीने मोजावे.
- दाबाच्या नळासाठी जाळीचा, अपारदर्शक पाइप घ्यावा. कापलेल्या टोकाला धागे दिसावेत.
- दुमडून पाहावे : पांढरी रेघ राहता कामा नये.
- जड आहे म्हणून चांगला, असे मानू नये. जाडी सगळीकडे सारखी आहे का, ते पाहावे.
- क्लिप, वॉशर आणि जोडणी त्याच वेळी घ्यावी.

शेवटी हिशेब किमतीचा. समजा, सहाशे रुपयांचा साधा पाइप दोन उन्हाळे टिकला, तर एका उन्हाळ्याला तीनशे रुपये पडतात. पंधराशेचा जाळीचा पाइप सहा उन्हाळे टिकला, तर अडीचशे. म्हणजे महाग वाटणारा पाइपच स्वस्त ठरतो आणि चार वेळा दुकानाची पायरी चढणेही वाचते. आमच्याकडे आता जाळीचा पाइप आहे. वडील आजही तो हातात घेऊन वजन जोखतात; मात्र झाडांना पाणी घालून झाले, की आधी नळ बंद करतात.